शिशाला लागलेली माती

शैलेश आला तेव्हा धर्माजी ओटीवर जाळं सांधत बसले होते. मेघालयातल्या एका गुहेत त्यांचा मुलगा प्रणव बुडाला, त्याला वर्ष होत आलं होतं. पाण्याने भरलेल्या चुनखडीच्या गुहांची खोली मोजायला दोघे मित्र गेले आणि एकटा शैलेश परतला. आज तो बोईसरहून प्रणवचं उरलेलं सामान घेऊन सातपाटीला आला होता.

प्रणवच्या आईने, दमयंतीने चहा पुढे ठेवला. धर्माजींनी नेहमीचंच विचारलं, "तळ लागलाच नाय?"

"नाही काका. पावसाच्या पाण्याने वरून झिजलेली गुहा नव्हती ती. तिथे खालून गरम, आंबट पाणी वर येतं आणि चुनखडी खात जातं. पाण्याच्या उष्णतेवरून, त्यातल्या वायूवरून खोलीचा नुसता अंदाज बांधायचा. आम्ही सगळी दोरी सोडली, तरी वजन लोंबकळतच राहिलं. तळ असता तर त्याला सोडून आलो असतो का मी?"

त्याने पिशवीतून शिशाचं वजन काढलं. प्रणवने ते घरूनच नेलं होतं. धर्माजींनी सवयीने ते उलटं केलं. बुडाच्या खळग्यात त्यांनी स्वतः चरबी भरून दिली होती. वजन तळाला टेकलं की तिथली रेती, चिखल चरबीला चिकटून वर येतो. समुद्रावर जाणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. शैलेशला कुणी सांगितलं नव्हतं.

चरबीत पांढरी माती रुतलेली होती.

"टेकलंय हे," धर्माजी हळूच म्हणाले.

शैलेशने कप खाली ठेवला. "काका... माझी हवा संपत आली होती. तो खालून दोरी ओढत होता..."

तो उठून गेला.

"त्याला जेवू घातलं आमी," दमयंती म्हणाली. "प्रणवच्या ताटात."

दिवे लागायची वेळ झाली. धर्माजींनी माती खरवडली, नवी चरबी भरली आणि वजन घेऊन परसातल्या विहिरीवर गेले. तळ हाताला कसा कळतो, ते त्यांना पुन्हा पाहायचं होतं. विहीर चार वाव, म्हणजे जेमतेम चोवीस फूट खोल, खाली काळा कातळ. या मुलखात दुसरा दगडच नाही.

चार वाव दोरी गेली. ढिली पडली नाही. पाचवा वाव, सहावा... विहिरीतून कोमट वाफ आली. तिला ओल्या चुन्याचा वास होता.

"अवो... पुरे," दमयंती कुजबुजली.

दोरीचं टोक मुठीत आलं. आणि खालून कुणीतरी ती ओढली. हलकेच, एकदा.

धर्माजींनी सोडली नाही.

बऱ्याच वेळाने वजन वर आलं. दमयंतीने दिवा जवळ धरला. ताज्या चरबीत पांढरी माती होती, अजून कोमट.