डालग्याखालचं पीठ

मी एरवी दिवाळी अंकांत विनोदी लिहितो. त्यामुळे ही हकिगत कोणी खरी मानणार नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे. तरी सांगतो.

जुन्नर तालुक्यातलं निमगाव सावा. डिसेंबर २०२३. माझ्या सख्ख्या चुलत्यांचं घर. जे पाहिलं ते चष्मा पुसून, उजेडात पाहिलं.

आणि आमच्या भागात भुताला कोणी भीत नाही. उसात बिबट्या असताना भुताला विचारतो कोण?

चुलते म्हणजे हौशीराम तात्या. सात वर्षांपूर्वी पोटाच्या मोठ्या दुखण्यातून उठले आणि दर रविवारी एसटीनं ओतूरला प्रार्थनेला जाऊ लागले. खताच्या दुकानावरच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं जमायची. पुढे तात्यांनी बाप्तिस्माही घेतला. भावकीनं आधी बोलणं टाकलं, मग थट्टा केली, मग विसरून गेली. भावकीला कायमचा राग धरता येत नाही. विहीर सामाईक असते.

रोज सकाळी तात्या मधल्या खोलीत गुडघे टेकून बसायचे. ट्रॅक्टरवरून पडल्यापासून उजवा गुडघा अधू. सगळा भार डाव्यावर. उजवा नुसता टेकवलेला, जरा बाहेर वळलेला.

हे लक्षात ठेवा.

त्या दिवाळीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. साळुबाई काकू लसूण निवडत होत्या. तात्या म्हणाले, आमच्यात मेल्यावर वाट बघणं नसतं. कावळा नाही, पिंड नाही. मेला की एकतर प्रभूपाशी, नाहीतर आगीत.

"आन मी?" काकूंनी विचारलं.

तात्या खोटं बोलत नसत. हा त्यांचा दोष जुनाच, धर्म बदलण्याच्या आधीचा.

"तू मानलं न्हाईस तर... आगीत."

"किती दिस?"

प्रश्न रास्त होता. आमच्याकडे मेल्यानंतरच्या सगळ्याला दिवस असतात. दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध.

"दिस न्हाईत. कायमचं."

काकूंनी लसणाची एक कुडी सोलली. दुसरी सोलली.

"मग तिकडं तुमी एकलंच जानार व्हय?"

तात्यांकडे प्रत्येक प्रश्नाला बायबलातलं वचन तयार असायचं. याला नव्हतं.

निघताना त्यांनी माझं मनगट धरलं. "तू शिकलेला हायेस. बाळासाहेब पोटचा पोरगा, पर माझं ऐकायचा न्हाई. माझं दहावं होऊ देऊ नको. शब्द दे."

मी दिला.

तीन आठवड्यांनी तात्या गेले. मधल्या खोलीतच, सकाळी, गुडघे टेकलेले असताना.

त्यांना जाळलं. मी गप्प राहिलो. दहाव्याची पत्रिका छापली, तेव्हा मी एकदा तोंड उघडलं. चुलतभाऊ बाळासाहेब म्हणाला, "दादा, पावण्यात तोंड दाखवायचंय मला." मी तोंड मिटलं. शिकलेल्या माणसाला गप्प बसायची कारणं जास्त सापडतात.

दहाव्याला नदीकाठी मांडव, माईक, प्रवचन, श्रद्धांजलीला तीन पुढारी. पिंड ठेवला. त्या घाटावरचे कावळे माणसांपेक्षा वक्तशीर. रोजचा नाश्ता त्यांचा तिथेच.

त्या दिवशी...

एकही नाही.

झाडावर नाही. तारेवर नाही. लांबून कावकावसुद्धा नाही.

मग रीतीप्रमाणे शब्द देणं सुरू झालं. आईला अंतर देणार नाही, असं बाळासाहेब म्हणाला. सुनेनं, वैजयंतीनं, तात्यांची गाय विकणार नाही म्हणून सांगितलं. एका पुढाऱ्यानं सवयीनं रस्त्याचं आश्वासन दिलं.

पाऊण तास गेला. काकू पिंडाकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. अडलेल्या ठिकाणी तसं चालतं. लोक सुटले. भाषणं सुरू झाली.

त्याच वेळी माझ्या कानामागे कोणीतरी दमून श्वास सोडला...

मागे नदी होती.

आमच्यात दहाव्याच्या संध्याकाळी आणखी एक करतात. माणूस जिथे गेला तिथे जमिनीवर पीठ चाळून पसरायचं आणि झाकून ठेवायचं. शेजारी दिवा. सकाळी पिठावर कशाचा ठसा उठलाय ते बघायचं. पक्ष्याचा पाय, गाईचा खूर. म्हणजे माणूस कुठल्या जन्माला गेला ते कळतं. वैजयंतीनं ज्वारीचं पीठ पसरलं आणि कोंबड्या झाकायचं मोठं डालगं वर पालथं घातलं.

सकाळी बाळासाहेबानं डालगं उचललं.

पाय नव्हता. खूर नव्हता.

दोन खळगे होते. शेजारी शेजारी. डावा खोल. उजवा उथळ... आणि जरा बाहेर वळलेला.

डाव्या खळग्यात पायजम्याच्या कापडाची वीणसुद्धा उठली होती.

बाळासाहेबानं स्वतःच्या हातानं पीठ भरून गाईला घातलं.

गाईनं तोंड लावलं नाही.

संध्याकाळी काकूंनी पुन्हा पीठ पसरलं. सकाळी पुन्हा खळगे. तिसऱ्या दिवशी तेच. खोली आतून बंद, काकू दाराला पाठ लावून झोपलेल्या. मांजर म्हणावं, तर मांजराला पायजमा नसतो.

पाचव्या दिवशी मी पुन्हा गेलो. डालगं उचलताच वास आला. भाकरी तव्यावर विसरली की येतो तसा.

खळग्यांच्या कडा तांबूस झाल्या होत्या.

काकू म्हणाल्या, "चुलीपाशी ठेवलं व्हतं मी पीठ."

त्या घरात बारा वर्षं चूल नाही. गॅस आहे.

मी राहतो ओतूरलाच. तिथून तात्यांच्या प्रार्थनेच्या पास्टर सावळेरामांना गाडीत घालून आणलं. भला माणूस. त्यांनी शांतपणे सांगितलं की आत्मा असा घुटमळत नसतो. मेल्यावर लगेच न्याय. एकदा पलीकडे गेल्यावर माणूस दुसऱ्या कोणासाठी गुडघे टेकू शकत नाही, ती वेळ संपलेली असते.

"तुमचं बरोबर असंल," काकू म्हणाल्या. "मग ह्ये कुनासाठी टेकलेत?"

पास्टर वाकले. खळग्याला बोट लावलं.

आणि झटकन मागे घेतलं.

बाहेर दहिवर पडलेलं. थंडीनं दात वाजत होते. पीठ गरम होतं.

ओतूरला गाडीतून उतरताना पास्टर एवढंच म्हणाले, "बाईंना विचारा, त्यांची काय इच्छा आहे."

काकूंची इच्छा सरळ होती. तात्या त्यांच्यापायी अडकले होते. एकटे जायचं नाही म्हणून थांबले होते, आणि थांबल्याचं भोगत होते. काकूंनी बाप्तिस्मा घेतला तर ते सुटतील.

आणि सुटले तर सकाळी डालग्याखाली कोणी नसेल.

येत्या रविवारी जाऊ, असं त्या म्हणायच्या. असे तीन रविवार गेले. पीठ रोज जरा जास्त तांबूस. चौथ्या रविवारी खळगे काळे पडले, आणि काकू लुगडं बदलून माझ्या गाडीजवळ येऊन उभ्या राहिल्या.

ओतूरबाहेर एकाच्या शेततळ्यात विधी होता. बाळासाहेब आला नाही. काकू कमरेएवढ्या पाण्यात कापत होत्या. पास्टरांनी विचारलं, विश्वास आहे का?

"ह्यांच्यावर हाय," काकू म्हणाल्या.

पास्टरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी काकूंना पाण्यात बुडवून वर काढलं.

त्या रात्री मी निमगावलाच राहिलो. सकाळी डालगं मी उचललं.

पीठ सपाट. पांढरं. गार.

काकूंनी त्यावर तळहात ठेवला. बराच वेळ.

"गेलं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं आता रडतील. त्या रडल्या नाहीत. तात्यांनी धरलं होतं तेच माझं मनगट त्यांनी धरलं.

"वरच गेलं असतील ना रे?"

दर्भाचा कावळा मला आठवला. मी मोडलेला शब्द आठवला. पाण्यातलं काकूंचं ते उत्तर वर कसं धरतात, चालतं की नाही, हेही मनात आलं. पिठावरून एवढंच कळत होतं की तात्या इथे नाहीत.

"वरच," मी म्हणालो.

त्या घरात मी दिलेला हा दुसरा शब्द.

काकू अजून रोज संध्याकाळी पीठ पसरतात. रोज सकाळी ते कोरं असतं. तिथे कोणालाच काही वास येत नाही. मी मुद्दाम विचारलं.

मला मात्र येतो. इथे, ओतूरला, माझ्या घरात. सकाळी जाग येते तीच त्या वासानं... पीठ करपल्यासारखा.

बायको दोनदा उठून गॅस बघून येते.

बंद असतो.