बंद एसीतली थंडी

तर झालं असं, ऑफिसचा एसी बिघडलेला आणि सगळे घामाने निथळत होते. पडद्यांच्या कापडावर नक्षी काढणारी आपली ही मात्र स्वेटर घालून, वर शाल गुंडाळून बसलेली! शिडीवर मेकॅनिक दिसला तशी ती कुडकुडत म्हणाली,

“अहो, जरा कमी करा ना... गारठले मी.”

त्याने वाकून पाहिलं. “मॅडम, अजून सुरूच नाही केला. नुसतं झाकण उघडलंय.”

अख्खं ऑफिस खो-खो हसलं. तो नाही हसला. खाली उतरला, आपल्या थर्मासमधला चहा झाकणात ओतला आणि तिच्यापुढे धरला—बस्स!

मग काय, त्या एसीला सारखं काहीतरी होऊ लागलं.

“फार नाजूक आहे तुमचा एसी.”

“एसी, की मेकॅनिक?”

त्याचे कान लालबुंद!

पण पुढे पुढे तिचं बोलणंच आटलं. सकाळी उठवेना, साधे शब्द आठवेनात, उगाचच रडू यायचं. ऑफिसात तिला ‘कासव’ म्हणायचे. आई म्हणायची, “पुरे आता सोंग!” तिलाही वाटायचं, असेन मीच आळशी. आणि एका संध्याकाळी बागेतल्या बाकावर त्याने अडखळत विचारलं... तिने मनात डोकावून पाहिलं, तर आत काहीच नाही. आनंद नाही, साधी धडधडसुद्धा नाही.

“नाही रे,” ती म्हणाली. “मला काही वाटतच नाही. तुझ्याबद्दल... कशाबद्दलच.”

“बरं,” तो म्हणाला. एवढंच. त्यानंतर एसी बघायला दुसराच कोणी येऊ लागला.

हे तिने ताईला सांगितलं, तेही जांभई देत. ताई भडकलीच. “बंद एसीत थंडी वाजते, आवडत्या माणसाला नाही म्हणून वर जांभया? ऊठ, चल डॉक्टरांकडे!”

रक्त तपासलं. थायरॉइड पार मंदावलेलं.

“याने मनही मंदावतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आळशी नाहीस तू.”

ते ऐकून ती ढसाढसा रडली.

गोळ्या सुरू झाल्या. जादू-बिदू नाही हं! कित्येक आठवडे तसेच गेले. मग एकदा ताईच्या फालतू विनोदावर चक्क हसू फुटलं. आणि एका सकाळी दात घासताना तो आठवला—छातीत असं काही धडधडलं की ब्रश तोंडातच राहिला!

ती तडक त्याच्या दुकानात. धापा टाकत सगळं सांगून टाकलं.

तो कितीतरी वेळ हातातला पाना पुसत राहिला. “मला वाटलं, माझंच काही चुकलं.” मग हळूच, “पण आता जे वाटतंय... ते गोळीमुळे तर नाही ना?”

“गोळी उठल्या उठल्या उपाशीपोटी घ्यायची असते,” ती म्हणाली. “तू तिच्याही आधी आठवतोस.”

पाना निसटला तो थेट त्याच्याच पायावर.

“आई गं!”

“हे ‘हो’ समजू का?”

एका पायावर नाचत त्याने जोरजोरात मान डोलावली.