सतरा नंबरचा बिल्ला

दिवे येईपर्यंत बसा इथेच. आणि पोहण्याच्या तलावाच्या फळ्यावर सतरा नंबरचा खिळा रिकामा का, असं विचारत होतात ना तुम्ही पोरं? सांगतो. माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं नाही, पण ज्याच्यावर बेतलं तो माझा दोस्त होता.

अकरा वर्षं झाली. तेव्हाही या केंद्राचा व्यवस्थापक मीच. डिसेंबरची नऊ तारीख, शुक्रवार, रात्रीचे पावणेदहा. तलावाकडच्या खोलीत हजेरीचं रजिस्टर राहिलं होतं. 'तेवढं घेऊन ये रे,' म्हणून मी शिट्टीला पाठवलं. शिट्टी म्हणजे आपला जीवरक्षक, झोपेतही शिट्टी फुंकेल असा माणूस. पाण्याला भिणारी किती पोरं त्याने पोहती केली. त्यांच्या आया त्याला दुवा द्यायच्या, आणि पाणी गार आहे म्हणून म्हातारे शिव्या. दोन्ही तो हसून घ्यायचा. पण त्या रात्रीच्या महिनाभर आधीपासून त्याचं हसणं बंद झालं होतं.

बिल्ल्यांची पद्धत तेव्हाही हीच. आत जाताना फळ्यावरचा बिल्ला मनगटाला बांधायचा, निघताना त्याच खिळ्याला अडकवायचा. चाळीस खिळे भरले की दिवे बंद, कुलूप. त्या महिनाभर आधीच्या एका संध्याकाळी सतरा नंबरचा बिल्ला परत आला नाही. लोक विसरून घरी नेतातच. शिट्टीची मुलगी तापाने फणफणलेली, बायकोचे फोनवर फोन. त्याने दोन हाका मारल्या, फळा भरलेला दिसावा म्हणून ड्रॉवरमधला एक जुना बिल्ला सतराच्या खिळ्याला लटकवला, दिवे बंद करून कुलूप लावलं आणि घर गाठलं.

कपडे बदलायच्या खोलीत चित्रकलेचे निवृत्त मास्तर होते. सत्तरीचे, ऐकू कमी यायचं. अंधारात बाहेर आले आणि कडेवरून पाय घसरला. सकाळी पाण्यात सापडले. मनगटावर बिल्ला नव्हता.

चौकशी झाली. फळा भरलेला होता, असं शिट्टीने लिहून दिलं. मग मास्तर आत कसे? समितीने ठरवून टाकलं, रात्री भिंतीवरून चोरून शिरले असणार. मास्तरांची बायको माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "साहेब, ते भिंत चढणारे नव्हते हो."

मला ठाऊक होतं. शिट्टीने सगळं सांगितलं होतं मला. तरी त्या कागदाखाली साक्षीदार म्हणून सही माझी आहे. केंद्राला टाळं लागेल, सगळ्यांच्या नोकऱ्या जातील, अशी आम्ही एकमेकांची समजूत काढली.

तर ती नऊ तारीख. फरशी बदलायची म्हणून तलाव रिकामा केलेला. कोरडा ठणठणीत. शिट्टीने रजिस्टर काखेत मारलं. आणि मागे पाण्याचा आवाज...

चुबुक.

तो थांबला. आवाजही थांबला. मग पावलं. ओली. तळातून, सावकाश, शिडीच्या दिशेने. शिट्टी दाराकडे धावला. दार उघडेना. दिवे गेले.

"मास्तर?..."

...

अंधारात फळ्यावरून कुणाचा तरी हात फिरत होता. एक खिळा. दुसरा. तिसरा... मोजत होता. सतराव्याला थांबला.

टण्ण. काहीतरी खाली पडलं.

शिट्टी माझ्याकडे धावत आला. मूठ उघडेना, मीच बोटं सोडवली. आत सतरा नंबरचा बिल्ला. खरा, पट्टीसकट, ओलाचिंब.

"दिवे आले तेव्हा जुना खाली पडलेला," तो म्हणाला, "आणि हा खिळ्याला."

त्याच रात्री तो मास्तरांच्या घरी गेला. बाईंसमोर सगळं कबूल केलं. नोकरी गेली, पण आता शांत झोप लागते म्हणतो. समितीने मला बोलावून विचारलं, हा म्हणतो ते खरं का? मी म्हणालो, धक्क्याने डोकं फिरलंय बिचाऱ्याचं.

लाज वाटते, पोरांनो. कागदावर मास्तर अजून चोरच आहेत.

बिल्ला? हा काय, माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे. अकरा वर्षं पुसतोय. उन्हात ठेवून पाहिला, शेगडीवर धरून पाहिला.

घे. हात लाव...

ओला आहे ना?