माकडांसाठी केलेलं दार

सुरक्षा सप्ताहाचा फलक एका बाजूला लोंबत होता, म्हणून देवव्रतजींचा फोटो पुन्हा काढायचं चाललं होतं. डोक्यावर नवंकोरं पिवळं हेल्मेट होतं. त्यावरची किमतीची चिठ्ठीसुद्धा कुणी काढलेली नव्हती.

मृणालिनी सोमण हाताची घडी घालून बाजूला उभी होती. काशीतल्या निवास न्यासाच्या सगळ्या इमारतींच्या सुरक्षेची जबाबदारी तिची. फोटोची नाही, एवढंच समाधान. कमी भाड्यात राहणाऱ्या माणसांवर संकट आलं तर त्यांनी कुठून निसटायचं, हे ती ठरवायची. तिचं हे काम फलकापलीकडे जाऊ नये याची काळजी इमारत व्यवस्थापक देवव्रतजी घ्यायचे.

तिचा फोन वाजला. पलीकडून आधी नुसता खोकला ऐकू आला.

"ताई, ढुंढिराज बोलतोय, दुर्गाघाटहून. मीटरच्या खोलीत आग लागली. जिना धुरानं भरला. आग विझली, लोक निघालेत, पण वरच्या मजल्यावरच्या शरदिनीकाकूंना दवाखान्यात नेलंय. शुद्ध नाही त्यांना." त्याला पुन्हा खोकला आला. "ताई, वरचं दार उघडलंच नाही."

 ते दार मृणालिनीनं स्वतः भांडून बसवून घेतलं होतं.

दुर्गाघाटच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं. तिथे अग्निशमनची गाडी कुठली यायला? इमारतीला जिना एकच आणि मीटरची खोली त्याच्याच पायथ्याशी. म्हणून खालून धूर आला तर वर छतावर जायचं आणि बुटका कठडा ओलांडून शेजारच्या गेस्ट हाउसच्या छतावर उतरायचं, असं तिनं ठरवलं होतं. प्रश्न माकडांचा होता. छताचं दार उघडं राहिलं की माकडं थेट स्वयंपाकघरात, आणि कुलूप लावलं की माणसं अडकणार. म्हणून तिनं खास दार करवून घेतलं. आतून आडवी दांडी ढकलली की ते उघडायचं, सोडलं की आपसूक लागायचं. बाहेरून सपाट पत्रा. मूठ नाही, कडी नाही, कारण काशीतल्या माकडांना मुठी फिरवता येतात.

मूठ नसलेलं दार म्हणून न्यासाच्या बैठकीत सगळे हसले होते. सगळ्यात मोठ्यानं देवव्रतजी हसले होते.

ती आणि देवव्रतजी तिथे पोचले तेव्हा पोलीस ठाण्याचे दारोगा मिश्रा चौकातल्या खाटेवर बसून चहा पीत होते. समोर ढुंढिराज उभा होता. भुवया जळालेल्या, गळ्यात ओला गमछा. ओट्यावर त्याची बायको मुक्ता मुलीला कुशीत घेऊन बसली होती. तळमजल्यावरची खोली त्यांना चौकीदारीबरोबर मिळालेली होती. चौकीदारी गेली की खोलीही जाणार, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

देवव्रतजींनी तिथल्या तिथे निकाल लावला. "दारोगाजी, मामला साफ है. बंदर के डर से इसीने दरवाज़ा बंद किया." मग मृणालिनीकडे वळून मराठीत म्हणाले, "आज संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करून घ्या. असली माणसं न्यासाला नकोत."

"दार तर ढुंढिराजनंच तोडलं म्हणतात," मृणालिनी म्हणाली.

"स्वतःच लावायचं, स्वतःच तोडायचं. शौर्य दाखवायला नको का?"

माणूस इतका हलका असू शकतो, याचं मृणालिनीला आता आश्चर्यही वाटेनासं झालं होतं. ती शांतपणे म्हणाली, "दार ठीक होतं हे नक्की?"

"काल दिवेलागणीच्या आधी मी स्वतः तपासणी केली. तुमची दांडी ढकलली, छतावर गेलो. दार मागे आपसूक लागलं, छान चालतंय. छतावर अडचण म्हणून काही नव्हती. गुरुजींच्या आकाशदीपाचा बांबूसुद्धा काढून भिंतीशी आडवा ठेवलेला होता. सगळं बघून जिन्यानं खाली आलो. एवढी कसून तपासणी कोण करतं हल्ली?"

"खरंच, कुणीच करत नाही," मृणालिनी म्हणाली. "आता वर येता?"

देवव्रतजींनी काळ्या पडलेल्या जिन्याकडे आणि मग आपल्या पांढऱ्या कुर्त्याकडे पाहिलं. "तुम्ही जा. मी इथे दारोगाजींबरोबर आहे."

तिनं ढुंढिराजला बाजूला घेतलं.

"काल छतावर गेला होतात?"

"नाही ताई. आज पौर्णिमेची देव दीपावली, कालपासूनच गर्दी आहे घाटावर. दिवसभर फाटक सोडलं नाही."

"आज दार कसं तोडलं?"

"दांडी दाबली तर खटका सुटला, पण दार हलेना. बाहेरून कुणी धरून ठेवल्यासारखं. मग गॅसच्या टाकीनं धडका दिल्या. तोवर काकू पायरीवर पडल्या होत्या." त्यानं गमछ्यानं तोंड पुसलं. "ताई, काकू माझ्या मुलीला शिकवतात. मी कशाला दार लावीन?"

पहिल्या मजल्यावर बिंदुमाधव गुरुजी उघड्या खिडकीशी बसले होते. कार्तिकभर रोज संध्याकाळी छतावर जाऊन ते बांबूच्या टोकाला आकाशदीप चढवायचे. त्यांच्या घराण्यात हे कधी चुकलं नव्हतं.

"काल दिवा चढवलात, गुरुजी?"

"काल चुकला," ते खिन्नपणे म्हणाले. "दिवेलागणीला गेलो, तर दरवाजा उघडेचना. वाटलं, लाकूड फुगलं असेल. दिवा इथे खिडकीत ठेवला. कुणाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं."

"बांबू कुणी काढला?"

"काढला? पौर्णिमा झाल्याशिवाय कोण काढणार? परवा रात्री दिवा चढवला, काल सकाळी उतरवला. बांबू उभाच आहे."

मृणालिनी छतावर गेली. धडका खाऊन दार पिचलं होतं, पण आता, वेळ गेल्यावर, व्यवस्थित उघडत होतं. तिनं एक वीट लावून ते उघडं ठेवलं आणि बाहेरची बाजू पाहिली. सपाट पत्र्यावर एक लोखंडी कडी लोंबत होती. चौकटीतून उपटलेले तिचे स्क्रू फरशीवर पडले होते, अगदी चकचकीत. गंजाचा ठिपकासुद्धा नाही.

बांबू भिंतीशी आडवा होता. दोर नीट गुंडाळून बाजूला ठेवलेला. पळत सुटलेली माणसं दोर गुंडाळत बसत नाहीत. आणि जिथे बांबू उभा असायचा तिथे, गंगेकडे तोंड करून, पांढरी आवरणं घातलेल्या खुर्च्यांच्या रांगा होत्या.

कठड्यापलीकडे गेस्ट हाउसचा मालक मुकुल उभा होता. चाळिशीचा, काशीतच वाढलेला मराठी माणूस.

"खुर्च्या तुमच्या?"

"हो, मतलब, ठेवल्यात. तुमचं छत उंच आहे ना, आरतीचा व्ह्यू मस्त मिळतो. गेस्ट लोकांसाठी."

"कुणाला विचारून?"

"वो तो बात हो गई थी."

"कुणाशी?"

मुकुलनं गंगेकडे पाहिलं. गंगा काही त्याच्या मदतीला आली नाही.

"बरं, हे सांगा. आमचा चौकीदार तुमच्या गेस्ट हाउसमधून कधी खाली उतरलाय?"

"तो? त्याला मी लॉबीत पाय ठेवू देईन होय? फॉरेनर गेस्ट असतात माझ्याकडे."

त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं तिला. पण उत्तर उपयोगी होतं. ती म्हणाली, "इथेच थांबा. कुठे जाऊ नका."

मग ती खाली गेली आणि दारोगांना म्हणाली की घटनास्थळ पाहिल्याशिवाय पंचनामा होत नाही, आणि व्यवस्थापकांनी कालची तपासणी जागेवर दाखवली तर बरं होईल. दारोगांनी कप खाली ठेवला. देवव्रतजींना कुर्ता सावरत वर यावंच लागलं. मागून गुरुजी आले. ढुंढिराजला मात्र तिनं दाराच्या आत, जिन्यावर थांबायला सांगितलं.

सगळे छतावर आल्यावर तिनं वीट पायानं सरकवली. दार सावकाश फिरलं आणि लागलं.

"दारोगाजी, देख लिया? तो चलिए, नीचे चलते हैं," ती म्हणाली. मग मराठीत, "देवव्रतजी, दार उघडा. काल उघडून खाली गेलात तसंच."

देवव्रतजींचा हात सवयीनं पुढे गेला. पत्र्यावर उजवीकडे गेला, डावीकडे गेला. धरायला तिथे ती लोंबती कडी सोडून काहीच नव्हतं. त्यांनी कडी ओढली, तर ती हातात आली. पाण्याच्या टाकीवर बसलेलं एक माकड हे सगळं लक्ष देऊन पाहत होतं.

"हे दार बाहेरून उघडत नाही," मृणालिनी म्हणाली. तिच्या आवाजात दया नव्हती आणि ती आणावी असं तिला वाटलंही नाही. "मी बैठकीत सांगितलं होतं. तुम्ही हसत होता, त्यामुळे ऐकू आलं नसेल. काल तुम्ही छतावर आलात, दार मागे आपसूक लागलं, आणि जिन्यानं खाली गेलात. हे माकडांना जमलेलं नाही. तुम्हाला कसं जमलं?"

"मी... कदाचित बाहेर डोकावूनच परत..."

"डोकावून बांबू दिसत नाही. तो दाराच्या मागच्या अंगाला, भिंतीशी पडलाय. काल सकाळपर्यंत तो उभा होता. दिवेलागणीला गुरुजी आले तेव्हा दार बंद. तेव्हापासून आज धडका देईपर्यंत आतलं कुणी छतावर येऊच शकलं नाही. तरी बांबू आडवा आहे हे तुम्ही मला खाली उभं राहून सांगितलंत. म्हणजे तुम्ही छतावर होता, हे खरं. जिन्यानं उतरलात, हे खोटं. इथून खाली जायला दुसरी वाट एकच आहे." तिनं कठड्याकडे बोट केलं. "मुकुलजींच्या गेस्ट हाउसमधून. ढुंढिराजला तिथे कुणी उभं करत नाही. तुम्हाला करतात. कडी बाहेरून लागलीय, तेव्हा ज्यानं लावली तो त्याच वाटेनं गेला."

दारोगांनी मुकुलकडे नुसतं पाहिलं. तेवढ्यानं भागलं.

"साहब, मेरा कोई हाथ नहीं है," मुकुल घाईघाईनं म्हणाला. "मैंने तो सिर्फ छत माँगी थी, देव दीपावली के लिए. कडी यांनीच बसवून घेतली. म्हणाले, भाडेकरू चटया घेऊन येऊन बसतील, गेस्टचा मूड जाईल. लावून माझ्याच लिफ्टनं खाली गेले."

देवव्रतजी म्हणाले, "एका रात्रीचा प्रश्न होता. उद्या काढणारच होतो. आग लागेल हे मला काय माहीत?"

"आग कधी लागेल हे कुणालाच माहीत नसतं. म्हणूनच दार असतं," मृणालिनी म्हणाली. "ज्यांच्या नावावर न्यास चालतो, ती माणसं तुम्हाला त्यांच्याच छतावर नकोशी झाली. इथवर तुमचा नेहमीचा कोतेपणा होता. पण काकूंना अडकवणारी कडी स्वतः लावून, लोकांना बाहेर काढणाऱ्या माणसाचं घर काढून घ्यायला निघालात. किळस येते मला तुमची."

 बिंदुमाधव गुरुजींनी वाकून बांबू उचलला आणि खुर्च्या पायानं बाजूला सारत तो कठड्याशी नेला. दारोगा दोर सोडवायला त्यांच्या मदतीला गेले. तेवढ्यात मृणालिनीचा फोन वाजला, दवाखान्यातून होता. काकूंनी डोळे उघडले होते, ऑक्सिजन अजून चालू होता. 

"अब तो नीचे चलें," दारोगा देवव्रतजींच्या दंडाला धरून म्हणाले. "थाने तक जाना है." ते दारापाशी गेले आणि सपाट पत्र्यासमोर थबकले. "पर खुलेगा कैसे?"

"यांना विचारू द्या," मृणालिनी म्हणाली. "देवव्रतजी, आत ढुंढिराज उभा आहे. हाक मारा."

देवव्रतजी मान खाली घालून उभे राहिले. खाली घाटावर पणत्या मांडायला सुरुवात झाली होती. शेवटी त्यांनी पत्र्यावर हलकेच टकटक केलं आणि घसा साफ करून म्हणाले, "ढुंढिराज, दार उघड."

आतून काहीच हालचाल झाली नाही.

"ढुंढिराजजी," ते पुन्हा म्हणाले, "जरा दार उघडता का?"

आतून दांडीचा खटका वाजला. दार उघडलं आणि ढुंढिराज ते हातानं धरून, सगळे आत येईपर्यंत तसाच उभा राहिला.