टापूवरचं माहेर

गणपतराव सकाळी तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन नागपूरला गेले होते. काम साधंच होतं. दुर्गेशच्या घरी शेंगा द्यायच्या, चहा घ्यायचा आणि दुपारच्या बसने बुटीबोरीला परत यायचं. ते परत आले अंधार पडल्यावर, आणि आल्यापासून कुणाशी धड बोलले नव्हते.

मार्गशीर्षातला मंगळवार होता. नऊ वाजून गेले आणि लाईट गेली. पोरं गच्चीवर आली. गोलूने फुटक्या घमेल्यात शेकोटी पेटवली. पिंकी मोबाईल कानाला लावून फेऱ्या मारत होती. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं होतं आणि चार दिवसांसाठी ती माहेरी आली होती. भूमिका दहावीत होती. ती नेहमीसारखी सगळ्यांच्या मागे, टाकीला टेकून बसली. तिला एक गोष्ट दिसली होती. शेकोटीपाशी बसलेले मोठेबाबा, म्हणजे गणपतराव, उजवा हात सारखा शालीला पुसत होते.

"उद्याच या तुमी घ्यायले," पिंकी फोनवर सुशीलला म्हणाली.

खालून मोठ्याईचा, गणपतरावांच्या बायकोचा, आवाज आला, "उद्या बुधवार हाये वं! लेकीले बुधवारी पाठवत नाही. गुरुवारी जाय."

"मोठ्याई, त्यायले उद्याच सुट्टी हाये! बुधवारी काय रस्ते बंद राहतात?"

"राहू दे न ताई," गोलू हसला. "एक दिवस जास्त राहशीन तं जिजाजी जरा सुखानं झोपतीन."

पिंकीने त्याच्या डोक्यात टपली मारली.

"गुरुवारीच जाय, पिंकी," गणपतराव म्हणाले. आवाज मोठा नव्हता. तरी गोलूचं हसू थांबलं.

"काहून, मोठेबाबा?"

त्यांनी शेकोटीत एक काडी सरकवली. "रुपराव होता न माह्यासंग डेपोत, कंडक्टर? त्याचा पोरगा दुर्गेश. आज त्याच्याच घरी गेलतो. त्याची गोष्ट हाये. पटली तं ठेवा, नाही तं सोडून द्या."

आणि ते सांगू लागले.

गेल्या वर्षी याच महिन्यात दुर्गेशला कंपनीतून दोन दिवसांची सुट्टी मिळाली. लग्नाला आठेक महिने झाले होते, पण नाईट शिफ्टच्या पायी बायकोला कुठे नेणं झालं नव्हतं. रितिका तक्रार करणारी नव्हती. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. काकांकडे वाढली, काकांनीच लग्न लावलं आणि काम संपवलं. सणावाराला शेजारणी बॅगा भरून माहेरी जायच्या, तेव्हा ही त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायची.

रामटेकच्या पलीकडे एका धरणाच्या पाण्यात टापू आहे. धरण झालं तेव्हा खालचं गाव बुडालं, वरची टेकडी तेवढी राहिली. आता तिथे हौशी लोकांसाठी तंबू टाकलेले आहेत. मंगळवारी सकाळी नत्थूजी नावाच्या नावाड्याने दोघांना तिथे सोडलं. आठवड्याच्या मधल्या वारी आले होते, त्यामुळे दुसरं कुणी नव्हतं. नत्थूजीने दुपारी चुलीवर मासळीचा रस्सा केला. असा तिखट की रितिकाच्या डोळ्यांतून पाणी, आणि तरी ती म्हणे, अजून वाढा.

"रात्रीचा डबा ठेवून देतो भाऊ," नत्थूजी म्हणाला. "उद्या दुपारी घ्याले येतो. रात्री आमी इथं राहत नाही."

"वाघ हाये का?"

"नाही जी. वाघ-बिघ नाही." एवढं बोलून तो गेला.

दोघं टेकडी चढले. पायवाट सागाच्या वाळल्या पानांनी भरली होती. वर महादेवाचं लहानसं देऊळ. तिथून चारही बाजूंनी पाणीच पाणी दिसायचं, आणि पाण्यात एका जागी बुडालेल्या देवळाचा कळस. त्याच्यावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता. रितिकाने खूप फोटो काढले. सूर्य खाली गेला तसे ते उतरायला लागले. बोलता बोलता वाट बदलली, ते कळलं नाही.

मग गोवऱ्यांच्या धुराचा वास आला.

झाडांच्या आड सारवलेलं घर होतं. अंगणात हिरवं लुगडं नेसलेली एक म्हातारी निखाऱ्यांत कणकेचे रोडगे भाजत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"आली का वं माय?" ती म्हणाली. "किती वाट पाहाव मी?"

दोघं एकमेकांकडे बघून हसले. म्हातारं माणूस, कुणाशी तरी गल्लत झाली असेल. पण तिने पाट मांडलेच होते. वांग्याची भाजी, रोडग्यावर तुपाची धार. नाही म्हणायची सोयच नव्हती.

"मायेर कोणतं वं तुयं?" म्हातारीने विचारलं.

रितिकाचा घास हातातच राहिला. "मले मायेर नाही, आजी."

"असं नोको म्हणू. लेकीले मायेर राहतेच."

म्हातारी आत गेली आणि सूप घेऊन आली. सुपात तांदूळ, हळकुंड आणि हिरवा खण. रितिकाला समोर बसवून तिने कुंकू लावलं, ओटी भरली. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिची ओटी आईसारखी भरत होतं. ती वाकली, म्हातारीच्या पाया पडली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "येते मग, आई."

"उद्या नाही," म्हातारी म्हणाली. "उद्या बुधवार. लेकीले बुधवारी पाठवत नाही."

गच्चीवर पिंकीने मोबाईल खाली ठेवला होता. गणपतरावांनी हात शालीला पुसला आणि पुढे सुरू केलं.

त्या रात्री दोघं तंबूत परतले. बुधवारी दुपारी नत्थूजी नाव घेऊन आला. स्वच्छ ऊन होतं. पलीकडच्या काठावरचा मोबाईलचा टॉवर साफ दिसत होता. नाव निघाली, मध्यावर आली. रितिका पाण्यात हात घालून बसली होती. काठ जवळ आला, नाव वाळूला लागली, दुर्गेश बॅग घेऊन उतरला...

समोर त्यांचाच तंबू होता.

नत्थूजीने कपाळावरचा घाम पुसला. "वाऱ्यानं फिरली असंन." पण वारा नव्हता. दुसऱ्या खेपेला दुर्गेशने टॉवरवरची नजर हलवली नाही. टॉवर मोठा होत गेला, मोठा होत गेला. नाव लागली. तंबू. दोरीवर वाळत घातलेला त्याचाच टॉवेल.

"भाऊ, तुमी उतरा. मी एकटा पाहून येतो," नत्थूजी म्हणाला.

एकटा नत्थूजी सरळ गेला. पलीकडे उतरला, तो मुंगीएवढा दिसला. मग परत आला, पण काठाला लागला नाही. पाण्यातूनच बोलला, "भाऊ, रस्ता तं सरळ हाये. तुमी चला. बाईले..." पुढचं त्याने गिळलं.

"तू जा," रितिका म्हणाली. ती घाबरलेली नव्हती. दुर्गेशला त्याचीच भीती वाटली. "आज बुधवार हाये न. मी उद्या येते."

"येडी झाली का तू?"

तो गेला नाही. नत्थूजीने हात जोडले, सकाळी येतो म्हणाला आणि सूर्य बुडायच्या आत निघून गेला. मोबाईलला रेंज नव्हती. दुर्गेशने तंबूची चेन लावली आणि बायकोचा हात धरून पडून राहिला. ठरवलं होतं, झोपायचं नाही.

जाग आली तेव्हा हात रिकामा होता.

चेन उघडी. बाहेर अंधार. वर, झाडांच्या आड... दिवा.

तो धावत चढला. घराच्या उंबऱ्यात रितिका बसली होती. केस मोकळे. मागे म्हातारी. हातात फणी. केसांतून पाणी निथळत होतं आणि पायरीवरून खाली जात होतं.

"रितिका. चाल."

"थांब ना. वेणी होऊ दे."

त्याने तिचा दंड धरून ओढलं. ती हलली नाही. रुतलेल्या दगडासारखी. त्याने मागे वळून पाहिलं.

अंगण नव्हतं.

झाडं नव्हती. वाट नव्हती. टेकडी नव्हती. उंबऱ्याला लागून पाणी होतं. काळं. सगळीकडे. आणि त्याच्या पायापाशी, पाण्याच्या वर हातभर... कळस.

फणी चालू होती. सर्र... सर्र...

ओरडून उपयोग नव्हता. दुर्गेश गुडघ्यावर बसला. माणूस बायकोला माहेराहून न्यायला गेल्यावर जे करतो तेच त्याने केलं. म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं. पाय थंड होते. ओले.

"आई," तो म्हणाला. "सकाळी गुरुवार हाये. नेतो मी हिले. परत आणतो."

फणी थांबली.

"कवा?"

"तुमी म्हणान तवा."

मग अगदी कानाशी...

"पयलं बाळंतपन मायेरी राहते, जवाई."

"हो."

"आणशीन?"

"हो, आई. आणतो. हो..."

गुरुवारी नाव सरळ काठाला लागली. त्याआधी मध्यावर दुर्गेशने रितिकाच्या पदरातली ओटी सोडली आणि पाण्यात टाकून दिली. तांदूळ, हळकुंड, हिरवा खण, सगळं. रितिका खण बुडताना बघत राहिली.

"मग?" गोलूने विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"मग काय गा. वर्ष गेलं. आता रितिकाले सातवा महिना हाये." गणपतरावांनी हात परत शालीला पुसला. "दुर्गेशनं मले गॅलरीत नेलं. दोरीवर कुंची टांगली होती. बाळाची कुंची, हातानं शिवलेली. हिरव्या खणाची. पंधरा दिवसांपयले सकाळी दाराच्या कडीले अडकवली होती म्हणे. तिसऱ्या माळ्यावर. तवापासून दोरीवर हाये, खाली बादली ठेवून. एवढं ऊन पडते गॅलरीत... वाळत नाही."

"आन रितिकावहिनी?" पिंकीने विचारलं.

"बॅग भरून राहिली होती. म्या विचारलं, कुठं वं बाई? मायेरी, म्हणे. लय खुश होती. असं खुश म्या तिले कधी पाहिलं नाही. दुर्गेश म्हणे, काका, म्या हो म्हटलं. तीनदा म्हटलं. आता मी कुठं जाऊ?"

पिंकीने मोबाईल उचलला. "ऐका न," ती हळू म्हणाली, "उद्या नोका येऊ. परवा या."

गणपतराव उठले, शाल शेकोटीजवळच्या कठड्यावर टाकली आणि जिना उतरले. "पिंकी, खाली ये वं, झोप आता," मोठ्याईने हाक मारली. सगळे एकमेकांना चिकटून उतरले.

भूमिका मागे राहिली होती. मोठेबाबांची शाल थंडीत बाहेर राहायला नको, म्हणून तिने ती उचलली. एक टोक जड लागलं. दुपारी त्यांनी ती कुंची हातात घेतली असणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिने टोक नुसतं मुठीत धरलं. पिळलंही नाही.

निखाऱ्यांवर थेंब पडला. चर्र झालं. मग दुसरा.