चौथ्या कप्प्यातलं स्थळ

धाड गावच्या स्टँडवर जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि त्या दुपारी ती काही केल्या भरेना. ऑक्टोबरच्या उन्हाला वैतागून मी समोरच्या नेट कॅफेत शिरले... आणि तिथेच अडकले. अजूनही अडकलेलीच आहे.

काउंटरवर प्रेम होता. कुरळे केस, हसरे डोळे, बोटांवर कपाशीच्या बोंडांचे ओरखडे. सकाळी वेचणी, दुपारी कॅफे, असा त्याचा दिवस.

"काय पाह्यचं?"

"माझा निकाल. बीएचा एक पेपर राह्यला होता. अन् बाबासाठी कापसाचा भाव. लवकर, नाहीतर जीप निघून जाईन!"

"मंग दोन्ही संगच पाहा ना."

त्याने कुठलासा नवाच ब्राउझर उघडला आणि पडद्याचे चक्क चार कप्पे झाले! एकात निकाल, एकात भाव, एकात हवामान. कुणी कुणाला झाकत नव्हतं, कुणासाठी कुणाला बंद करावं लागत नव्हतं. कुणी लावलाय हा शोध, त्याची दृष्ट काढावी असं मला वाटलं.

"अन् चौथ्यात?"

"तो मोकळा ठेवतो मी," तो हसला. "कोणी येईन म्हणून..."

बोलून गेला खरा, पण कान लालबुंद! मी पास झाले होते. जीप मात्र केव्हाच गेली होती.

मग भाव पाहायला मी वरचेवर जाऊ लागले. बीटी बियाणं आल्यापासून ज्याच्या त्याच्या शेतात कापूसच होता आणि भाव रोज बदलायचा, त्यामुळे निमित्ताला तोटा नव्हता. कप्पा मोठा कसा करायचा, वेबकॅम कसा लावायचा, सगळं त्याने शिकवलं. माउसवर बोटाला बोट लागायचं... आणि तो पटकन हात मागे घ्यायचा.

एकदा मीच छेडलं, "चौथा कप्पा अजून मोकळाच काऊन?"

तो खाली पाहत म्हणाला, "कपाशीवाल्याले पोरगी कोण देते, निशी? सगळ्याइले नोकरीवाला पाह्यजे."

मला इतका राग आला त्याचा! आणि तितकंच प्रेमही.

दिवाळीनंतर मामाने तीन स्थळं कळवली, तिन्ही लग्नाच्या साइटवरची. एकेकाला बोलावून पोहे खाऊ घालण्यापेक्षा आधी फोटो पाहू, म्हणून बाबा मला घेऊन निघाले. आणि धाडमध्ये कॅफे होता कुठला? तोच!

"प्रेम, लेका, तिन्ही पोरं संगच दाव. अन् चौथ्यात कापसाचा भाव."

त्याने मुकाट्याने लावलं आणि काउंटरमागे जाऊन उभा राहिला. पुण्याचा इंजिनिअर, अकोल्याचा बँकवाला, एक मास्तर. तिघंही देखणे, आणि तिघांपैकी एकही माझा नव्हता. एका नजरेत कळलं ते.

"बोल, कोणता?" बाबांचा डोळा भावावरच होता.

आता गप्प बसले असते तर मामाने आठवड्यात सुपारी फोडली असती. मी माउस ओढला. भावाच्या कप्प्यात वेबकॅम सुरू केला आणि कॅमेरा काउंटरकडे वळवला.

चौथ्या कप्प्यात प्रेम आला. तोंड उघडं, हातात झाडू.

"हा," मी म्हटलं.

"भाव कुठी गेला?" बाबांनी चष्मा सरसावला. "आँ? हा तर आपला प्रेम होय!" ते गर्रकन वळले. "काय बे, नोकरी हाये का तुले?"

"नाही काका. पाच एकर कपाशी हाये, अन् हा कॅफे." तो थांबला... आणि मग त्याने सरळ माझ्याकडेच पाहिलं. "अन् निशीवर जीव हाये माहा. लय दिवसापासून."

बोलला! एकदाचा बोलला!

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"मीबी कपाशीवालाच होय," ते हळूच म्हणाले. "मलेबी देल्लीच ना कोणी पोरगी... बंद कर ते बाकीचे तिघं. अन् भाव लाव परत."

प्रेमने तिन्ही स्थळं मिटवली, त्यातल्या एका जागी भाव लावला. चौथ्या कप्प्याला मात्र त्याने हात लावला नाही. तो काउंटरमागे परतला, तशी मीही जाऊन त्याच्याजवळ उभी राहिले, आणि त्या एवढ्याशा कप्प्यात आम्ही दोघं कसेबसे मावलो.