पाण्यातली पाठमोरी

निवृत्त झाल्यावर मी तैलरंग शिकायला लागले. बारामतीत तेहतीस वर्षं नर्सचं काम केलं होतं, आता हाताला काहीतरी शांत हवं होतं. जवळच्याच जळोचीत खाजा सर राहायचे, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. दर रविवारी दुपारी मी त्यांच्या माडीवर जायची. खोलीत टर्पेंटाईनचा उग्र वास, आणि भिंतीवर एका जुन्या विलायती चित्राची छापील प्रत. नदी, पाणी पिणाऱ्या गाई, काठावर मोठं झाड.

"याची नक्कल करा, विमलबाई," सर म्हणाले. "दिसतं तेवढंच काढायचं. मनाचं काही घालायचं नाही."

आधी आभाळ झालं, मग लांबचे डोंगर, मग झाड. चौथ्या रविवारी गाई झाल्या, आणि गाईंच्या शेजारी घोटाभर पाण्यात उभी असलेली मुलगी. पाठमोरी. दोन वेण्या, पांढरा फ्रॉक.

सर मागं येऊन थांबले.

"ही कोण?"

"चित्रात आहे की, सर."

बोलता बोलता मी भिंतीकडं पाहिलं. गाई होत्या, झाड होतं. मुलगी नव्हती. अर्ध्या तासापूर्वी तर मी तिची रिबीन निरखून निरखून रंगवली होती...

सरांनी पलंगाखालून तीन कॅनव्हास ओढले. तीन विद्यार्थ्यांनी वेगवेगळ्या वर्षी केलेल्या याच चित्राच्या नकला. तिन्हींत ती होती. पहिल्यात झाडाखाली, दुसऱ्यात गाईंच्या मागं, तिसऱ्यात अगदी काठावर.

"माझी नौशीन," सर म्हणाले. "नऊ वर्षांची होती. कालव्यात बुडून गेली. मी काढायला बसलो तर येत नाही, दुसऱ्याच्याच हातून येते. म्हणून सगळ्यांना हेच चित्र देतो." "बाई... एकदा तिला वळवा. तोंड बघू द्या."

त्यांच्या पत्नी, करिमाभाभी, चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला.

"वळवू नका, बाई. लेक माझी बी हाय. पण गेलेल्या जिवाला तितंच राहू द्यावं."

वॉर्डाबाहेर उभे असलेले बाप मी जन्मभर पाहिले. त्यांच्या डोळ्यांकडं बघून नाही म्हणणं मला कधी जमलं नाही, त्या दिवशीही जमलं नाही. मी सुरीनं ओला रंग खरवडला आणि मुलीचं तोंड आमच्याकडं वळवलं. तिचा फोटो मी कधी पाहिला नव्हता. तरी ब्रश कुठंच अडला नाही. डाव्या भुवईवर एक बारीक व्रणसुद्धा उमटला.

सर कॅनव्हासच्या अगदी जवळ आले. "हीच... हीच माझी."

पुढच्या रविवारी करिमाभाभी फाटकातच भेटल्या. हातात पिशवी होती.

"इंदापूरला भावाकडं निघाले. मला न्हाय ऱ्हावत हितं."

"काय झालं, भाभी?"

त्यांनी नुसतं माडीकडं पाहिलं आणि चालू लागल्या.

वर माझा कॅनव्हास तसाच लाकडी घोडीवर, ईझलवर, होता. मुलगी नव्हती. कुणी पुसली म्हणावं, तर फडक्याचा डाग नाही, सुरीचा ओरखडा नाही. तिच्या जागी नदीचं पाणी होतं, सलग, जणू तिथं कधी काही काढलंच नव्हतं. बाकीचे तीन कॅनव्हास भिंतीला टेकवले होते. त्यांतही ती कुठंच नव्हती.

सर खुर्चीवर बसले होते. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा सदरा. मी तोंड उघडणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, बाई. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

आतल्या खोलीचा पडदा ओढलेला होता. पडद्यामागून खोकला आला. लहान मुलाचा, खोल, घरघरता. मग फरशीवर भसाभस पाणी पडल्याचा आवाज. थोडं थांबून पुन्हा.

सर खांद्यावर टॉवेल टाकून उठले.

"सारखं असंच होतंय," ते म्हणाले. "संपतच नाही तिच्या पोटातलं."